सिस्टर, कोर्टाची पायरी चढायची का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मग जन्मभर दवाखान्याचे जिने चढउतार करणाऱ्या नर्सने ती पायरी आपणहून, चार पैसे मिळवण्यासाठी चढावी का? हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. ‘लीगल नर्स कन्सल्टंट व्हा, घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात. नाइट ड्यूट्यांना कंटाळलेल्या मुली आणि त्यांच्या आया विचारतात, ‘‘ताई, भरू का हो फी?’’

मैत्रिणींनो, फी भरण्याआधी हे काम मुळात कुठलं आणि कसलं, ते समजून घेऊ या.

हे काम अमेरिकेतलं. तिथे उपचारात चूक झाली, अपघात झाला, की नुकसानभरपाईचे दावे होतात. वकिलापुढे हजार हजार पानांचे केस पेपर येऊन पडतात. त्याला कायदा कळतो, पण ‘रात्री दोन वाजता बीपी उतरलं आणि पुढची नोंद थेट पहाटे पाचची आहे’ याचा अर्थ कळत नाही. तो नर्सला कळतो. ती सगळी पानं तारीख-वेळेनुसार लावते, कुठलं पान गायब आहे ते शोधते आणि दाव्यात दम आहे की नाही ते वकिलाला सांगते. काही जणी पडद्यामागे राहून हेच काम करतात. काही जणी कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्षही देतात. वकिलांच्या ऑफिसात, विमा कंपन्यांत, खुद्द हॉस्पिटलांत अशा नर्सेस असतात. त्यांची संघटना 1989 पासून आहे.

अशा साक्षीला केवढं वजन असतं, ते नॅशव्हिलच्या खटल्यात दिसलं. रॅडोंडा व्हॉट या नर्सने 2017 मध्ये एका वृद्ध रुग्ण बाईंना शांत करण्याच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं. त्या दगावल्या. औषधांच्या कपाटाचं कुलूप संगणकाचं होतं. नर्सने नेहमीची तपासणी ओलांडून ते उघडलं होतं. नर्सकडून जी काळजी अपेक्षित असते ती इथे घेतली गेली नाही, अशी साक्ष सरकार पक्षाच्या नर्स तज्ज्ञाने दिली. तर त्याच हॉस्पिटलातल्या दुसऱ्या नर्सने सांगितलं, की तेव्हा असं कपाट उघडणं सगळ्यांच्याच सवयीचं झालं होतं. मार्च 2022 मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिला तुरुंगात जावं लागलं नाही. म्हणजे एका नर्सचं भवितव्य ठरताना दोन्ही बाजूंनी नर्सेसच बोलत होत्या. वॉर्डात काय चालतं, ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

आता पैशाचं बघू. जाहिरातीत तासाचा दर मोठा दिसतो, पण तासाचा दर म्हणजे पगार नव्हे. स्वतंत्रपणे काम करणारीला वकील स्वतः शोधावे लागतात, बिलं वसूल करावी लागतात आणि एखादा महिना कोरडाही जातो. दुसरं म्हणजे, तिथे हे काम करायला कायद्याने कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. हजारो डॉलर फी घेणारे कोर्स आहेत, पण वकील आधी विचारतो, ‘‘बाई, वॉर्डात किती वर्षं काढलीत?’’ संघटनेची स्वतःची परीक्षा आहे, तिलासुद्धा नोंदणीकृत नर्स म्हणून पाच वर्षांचा अनुभव आणि या कामाचे 2000 तास लागतात. म्हणजे आधी अनुभव, मग प्रमाणपत्र. जाहिराती नेमकं उलटं सांगतात.

आणि आपल्याकडे? दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळात एक आजी सुनेच्या बाळंतपणाची फाइल घेऊन आल्या. बाळ हाती लागलं नव्हतं. घरचे दावा लावायला निघाले होते, एक गुंठा विकायचीही तयारी होती. मंडळातल्या निवृत्त सिस्टरांनी दोन दुपारी बसून एकेक पान वाचलं. बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी वेळच्या वेळी होत्या, डॉक्टरांना बोलावल्याची वेळही लिहिलेली होती. उशीर झाला होता तो घरून निघायलाच. सिस्टरांनी ते हळुवारपणे, पण स्पष्ट सांगितलं. त्या घराची जमीन वाचली, आणि त्या वॉर्डातल्या नर्सच्या मागचं शुक्लकाष्ठही टळलं. हे अगदी लीगल नर्सचंच काम झालं. सिस्टरांना त्याचा एक रुपया मिळाला नाही, आणि खरी मेख इथेच आहे.

आपल्याकडे कामाची गरज आहे, पण त्याला खुर्ची नाही. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. 2002 च्या नियमानुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. पण ती वाचून मत द्यायचं म्हटलं, की आपल्याकडे डॉक्टरचंच मत मागतात. डॉक्टरवरच्या फौजदारी तक्रारीला जाणत्या डॉक्टरच्या मताचा आधार हवा, असं सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये सांगितलं. नर्सने मत द्यायला बंदी नाही, पण ते विचारायची रीतही नाही. हां, अमेरिकी वकिलांसाठी केस पेपरांचे सारांश करून देणाऱ्या कंपन्या भारतात आहेत. विमा कंपन्यांचे दावे तपासायला आणि मोठ्या हॉस्पिटलांत नोंदींची तपासणी करायलाही नर्सेस घेतात. या नोकऱ्या खऱ्या आहेत, पण बहुतेक मोठ्या शहरांत. आणि तिथला पगार रुपयांत मिळतो, डॉलरमध्ये नव्हे.

मग करावं की नाही? माझं मत सांगते. कोर्स नुकता संपलेल्या मुलीने यात पैसे घालू नयेत. आधी पाच वर्षं आयसीयू, लेबर रूम, ऑपरेशन थिएटर असं काम अंगाखालून जाऊ द्यावं. दहा-पंधरा वर्षं झालेली, इंग्रजी वाचायला-लिहायला बरी असलेली, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेली सिस्टर असेल, तर तिने जरूर विचार करावा. पण हातची नोकरी सोडून नव्हे, आणि आधी विमा किंवा नोंद-तपासणीच्या जागा कुठे आहेत ते बघून. कायद्याचीच ओढ असेल, तर परदेशी प्रमाणपत्रापेक्षा आपलं एलएल.बी. बरं. बी.एस्सी. नर्सिंगनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. जीएनएम हा डिप्लोमा आहे, त्यामुळे आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. कायदा शिकलेली नर्स आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात उभी राहिली, तर तिच्यासारखं केस पेपर वाचणारं दुसरं कोण असेल?

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांनाही यातली एक गोष्ट आजपासून उपयोगी आहे. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून 11 रुग्ण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच एका डॉक्टरांसह तीन परिचारिकांना अटक झाली. दोष कोणाचा, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण काही विपरीत घडलं, की पहिला हात वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत पोचतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी तिच्या बाजूने बोलतं ते तिनेच लिहिलेलं. औषध किती वाजता दिलं, डॉक्टरांना फोन कधी केला, ते काय म्हणाले, बिघडलेल्या यंत्राची तक्रार कुणाकडे केली. हे त्याच वेळी, घड्याळ बघून, स्वतःच्या अक्षरात लिहायचं. ड्यूटी संपताना एकदम बसून नव्हे. चुकलेलं खोडून काळं करायचं नाही. एक रेघ मारून शेजारी सही करायची.

घरी नर्स लेक-सून असेल, तर तिला आज हे विचारा. कोर्सची फी भरायची की नाही ते सावकाश ठरवता येईल. नोंद मात्र आजच्या ड्यूटीतच व्हायला हवी.