'ॲग्रँडाइझ': मोठे करणे की मोठे भासवणे?

इंग्रजीत 'ॲग्रँडाइझ' असे एक क्रियापद आहे. मुळात लॅटिन 'ग्रँडिस', म्हणजे मोठा; फ्रेंचमार्गे ते सतराव्या शतकात इंग्रजीत आले. शब्दकोशात त्याचे दोन अर्थ सापडतात. एक, कुणाची सत्ता, संपत्ती किंवा दर्जा खरोखर वाढवणे. दुसरा, आहे त्यापेक्षा मोठे करून दाखवणे. 'एक्झॅजरेट' कशालाही चालते; पाऊस, दुखणे, किंमत, काहीही फुगवून सांगता येते. 'ॲग्रँडाइझ' मात्र बहुतेक वेळा मोठेपणाशीच बांधलेले असते. 'सेल्फ-ॲग्रँडाइझिंग' म्हणजे स्वतःचीच टिमकी वाजवणारा. हे विशेषण कौतुकाने कुणी वापरत नाही.

आपल्याकडे यासाठी उदोउदो, बडेजाव, राईचा पर्वत असे शब्द आहेत. आपण ते हसत हसत वापरतो, जणू त्यात कुणाचे नुकसान नाही. मला तसे वाटत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून माझ्याच क्षेत्रातले उदाहरण देतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे 'एनियॅक' हा संगणक जगासमोर आला. तोफगोळ्याचा मार्ग काढायला माणसाला हाताने कित्येक तास लागत; एनियॅकने तो सुमारे २० सेकंदांत काढला. वृत्तपत्रांनी त्याला 'महाकाय मेंदू' म्हटले. पण त्या मेंदूला स्वतःहून काहीच सुचत नव्हते. सहा तरुणींनी आकृत्या अभ्यासून, वायरी जोडून, स्विच लावून त्याच्याकडून गणिते करवून घेतली होती. त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाचा प्रोग्राम बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज यांनी तयार केला होता. यंत्राचा जयजयकार झाला, या सहाजणी मात्र अनेक दशके अंधारात राहिल्या. १९९७ मध्ये 'विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल'ने त्यांचा सन्मान केला, तेव्हा त्यांच्यापैकी एक हयातही नव्हती.

एकाला फुगवले की शेजारचा झाकला जातो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलताना हेच घडते: 'यंत्र शिकले' असे आपण म्हणतो, पण त्याला शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर खुणा करत बसलेल्या माणसांचा उल्लेख राहून जातो. आपल्या सामाजिक कामातही बॅनरवर पाहुण्यांचे फोटो मोठे असतात. रात्री खुर्च्या मांडणाऱ्या आणि घरोघर फिरून अर्ज भरून देणाऱ्या मुलामुलींची नावे कुठेच नसतात.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या कार्यक्रमाचा अहवाल लिहाल, तेव्हा पहिल्या परिच्छेदात काम करणाऱ्यांची नावे लिहा. प्रमुख पाहुण्यांचे नाव त्यानंतर आले तरी चालेल.