शर्करेचा प्रवास

नाशिककडील द्राक्षबागांत एक चमत्कारिक वाटणारी रीत आहे. मणी धरल्यावर कित्येक बागाईतदार वेलीच्या सालीचें एक अरुंद कडें कापून काढतात. यास ते ‘गर्डलिंग’ म्हणतात. पुढें मणी अधिक टपोरे होतात! झाडास जखम करून फळ पुष्ट कसें होतें, असें कोणीहि विचारील.

सतराव्या शतकांत माल्पिघी या इटालियन पंडितानें झाडाची साल अशीच कड्याच्या आकारानें काढली, तेव्हां कड्यावरचा भाग सुजला. मुळांतलें पाणी लांकडाच्या नळ्यांतून वर चढतें, तें चालूच राहिलें. पानांत तयार होणारी शर्करा मात्र सालींतील नळ्यांतून खालीं येते, ती अडली. द्राक्षांतहि हेंच. मुळांचा वांटा मण्यांस मिळतो व मुळें कांहीं दिवस उपाशी राहतात. कडें फार रुंद पडून पुन्हा भरून आलें नाहीं, तर वेलच जाते.

(आमच्या संस्कृतांत ‘शर्करा’ म्हणजे मूळचे खडे, वाळू, गोडी त्या शब्दास मागाहून आली.)

ही शर्करा वाहते कशी? १९३० सालीं म्युंख या जर्मन शास्त्रज्ञानें सांगितलें कीं, पानाजवळच्या नळींत शर्करा दाटली म्हणजे ती शेजारचें पाणी ओढते व तेथें दाब वाढतो. मूळ, कंद वा दाणा ती काढून घेतो तेथें दाब उतरतो. या फरकानें रस वाहतो. मावा त्या नळींत सोंड खुपसतो. शास्त्रज्ञांनीं किडा कापून नुसती सोंड ठेविली, तरी तींतून रस पाझरतच राहिला!

तेव्हां पानांनीं शर्करा किती केली, एवढ्यानें पीक ठरत नाहीं. ती गेली कोठें, हेंहि पाहिलें पाहिजे. १९६० नंतरच्या ठेंगण्या गव्हांत ताटाकडे जाणारा वांटा ओंबीकडे वळला. २०१६ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं गव्हावर शर्करेच्याच जातीचें एक संकेतद्रव्य फवारलें, तेव्हां प्रयोगगृहांत दाणे २० टक्क्यांपर्यंत मोठे झाले.

ऊंसाची तऱ्हा निराळी. तो आपली शर्करा कांड्यांतच सांठवितो. तोडल्यावर मात्र तिचें द्राक्षशर्करा व फलशर्करा असें विघटन होऊं लागतें, आणि तोडलेला ऊंस उन्हांत पडून राहिला तर वजनाबरोबर साखरेचा उताराहि घटतो. वजनाची तूट शेतकऱ्याची, उताऱ्याची कारखान्याची, असें वरवर दिसतें. पण ऊंसाचा दर उताऱ्याशीं बांधलेला असल्यामुळें तीहि अखेर शेतकऱ्याच्याच पदरीं येते.