कॉटरी आली, प्लेटचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेली परिसेविका. नोकरीची बहुतेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे आमच्या बोलीत ओटीत, गेली. एका तळहाताएवढ्या चिकट पट्टीविषयी हे पत्र आहे. आपल्या टेबलावर येणाऱ्या फायलींत तिचं नाव क्वचितच निघत असेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

तालुक्याच्या एका रुग्णालयात घडलेली गोष्ट आहे. बाई चाळिशीची, शेतावर मजुरी करणारी. पित्ताशयात खडे होते आणि ऑपरेशन पोट उघडून करायचं होतं. त्या दिवशी कॉटरीच्या, म्हणजे विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या यंत्राच्या, नव्या प्लेट, त्याच चिकट पट्ट्या, संपल्या होत्या. आदल्या पेशंटची काढलेली प्लेट स्पिरिटने पुसली, कडांना चिकटपट्टी मारली आणि मीच ती बाईंच्या मांडीला लावली. हे आम्ही नेहमीच करत होतो. अर्ध्या तासाने डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, कॉटरी लागत नाहीये, वाढवा." वाढवली. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून वाढवा." तिसऱ्यांदाही वाढवली. चादरीखाली वाकून प्लेट कोणी पाहिली नाही. मीही नाही.

संध्याकाळी बाई नीट शुद्धीवर आल्या. पोटाच्या टाक्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणाल्या, "सिस्टर, मांडीला काय चावलंय का बघा हो." मी पांघरूण बाजूला केलं. प्लेटची कड जिथे होती तिथे, त्याच रेषेत, दोन बोटं रुंदीचा चट्टा होता. कडेने लाल, मधे पांढराफटक. ओटीत काम केलेल्या माणसाला तो पांढरा रंग सांगावा लागत नाही. कातडी पूर्ण जाडीने भाजली होती. पोटाची जखम आठवड्यात भरली, मांडीच्या ड्रेसिंगसाठी मात्र त्या पुढे कित्येक आठवडे एसटीने येत राहिल्या. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'चिकटपट्टीची ॲलर्जी'.

ती ॲलर्जी नव्हती, मंत्रिमहोदय. प्लेट अर्धी सुटली होती.

कॉटरी हा शब्द आम्ही सवयीने वापरतो. खरी कॉटरी म्हणजे तापवलेल्या सळईने डाग देणं. या यंत्रात टोक आधी तापवलेलं नसतं, वीज अंगातून जाते आणि ऊतीच तापते. घरातल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात, या यंत्राच्या विजेची काही लाख. एवढ्या वेगाला स्नायू आणि मज्जातंतू दाद देत नाहीत. म्हणून पेशंटला झटका बसत नाही, उरते ती उष्णता. 'कट'ला वीज सलग वाहते, पेशीतलं पाणी क्षणात उकळतं आणि पेशी फुटून वाट मोकळी होते. 'कोॲग'ला ती तुटक तुटक, पण जास्त दाबाने येते, पेशी सुकतात आणि रक्त गोठतं.

आता ही वीज डॉक्टरांच्या हातातल्या पेन्सिलच्या टोकातून शिरली की तिला यंत्राकडे परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे प्लेट. कालव्याचं पाणी रुंद पात्रात संथ असतं आणि अरुंद मोरीत शिरलं की उसळतं, तसंच इथे होतं. टोक बारीक, म्हणून तिथे जळतं. प्लेट रुंद, म्हणून तिथे नुसती कोमट लागते. पण तीच प्लेट अर्धी सुटली, खाली दाट केस असले, ती हाडाच्या उंचवट्यावर किंवा जुन्या व्रणावर लावली, तर सगळी वीज उरलेल्या पट्टीतून निघते आणि प्लेटची कडच दुसरी पेन्सिल होते. भूल दिलेला माणूस हाय म्हणू शकत नाही. "अजून वाढवा" हीच खरं तर धोक्याची घंटा असते. नेहमीच्या आकड्यावर कॉटरी लागेनाशी झाली की आधी प्लेट पाहायची, मग वायर, आणि बटण सगळ्यात शेवटी. हे मला नोकरीत उशिरा कळलं, आणि तेही कोणत्या प्रशिक्षणात नाही.

यावर उपाय केव्हाच निघालेला आहे. दोन भागांत विभागलेली प्लेट मिळते. यंत्र त्या दोन भागांमधला विरोध सतत मोजत राहतं. प्लेट जरा सुटली की अलार्म होतो आणि वीज बंद पडते. एकसंध प्लेट असेल तर यंत्राला फक्त वायर जोडलेली आहे एवढंच समजतं, कातडीला ती टेकली आहे की नाही ते समजत नाही. दिवा हिरवाच राहतो. आमचाही त्या दिवशी हिरवाच होता.

हे यंत्र काही नवं नाही. 1926 साली 1 ऑक्टोबरला बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांच्या यंत्राने पहिल्यांदा डोक्यावरची गाठ काढली. त्याच्या काही दिवस आधी तीच गाठ रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. बोवी शल्यचिकित्सक नव्हते, जीवभौतिकीचे अभ्यासक होते. या यंत्राने किती रक्त वाचवलं, हे माझ्यासारखीला कोणी सांगायला नको. सिझेरियनच्या टेबलावर रक्ताने थबथबलेले मॉप मोजत मी अनेक रात्री काढल्या आहेत. म्हणूनच हे यंत्र गावोगावच्या ओटीत पोचलं याचा मला मनापासून आनंद आहे. शंभर वर्षांच्या या यंत्राची एक पट्टी मात्र आम्हाला पुसून पुसून वापरावी लागते, ते सलतं.

धुराबद्दलही लिहिलं पाहिजे. कॉटरी चालू झाली की निळसर धूर वर येतो, थेट सर्जन आणि सिस्टरच्या तोंडासमोर. ऑपरेशनच्या दिवशी घरी गेले की मुलगी म्हणायची, "आई, तुझ्या केसांना जळका वास येतोय." त्या धुरात बहुतेक वाफच असते, पण उरलेल्यात बेंझीन असतं, हायड्रोजन सायनाइड असतं, फॉर्मॅल्डिहाइड असतं. कण इतके बारीक की आमच्या तोंडावरचा साधा मास्क त्यांना अडवत नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने 2018 मध्ये ओटीतला धूर ओढून घेण्याचा कायदाच केला. आपल्याकडे 2020 च्या कोविडच्या साथीत याची चर्चा झाली आणि साथीबरोबर ओसरली. पेशंट तासाभराने टेबलावरून उतरतो, सिस्टर मात्र तोच धूर वीस-तीस वर्षं घेते.

माझ्या मागण्या महागड्या नाहीत. कॉटरी मशीनच्या निविदेतच दुभागलेली प्लेट ओळखणारं यंत्र सक्तीचं असावं, आणि मशीनबरोबर वर्षभराच्या ऑपरेशनांना पुरतील इतक्या प्लेट मंजूर व्हाव्यात. या प्लेट सुया-हातमोज्यांसारख्या नियमित पुरवठ्यात याव्यात. 2023 साली राज्याने औषधं आणि उपकरणांच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारलं, तिथे हे एका ओळीच्या दुरुस्तीत बसेल. जिथे ऑपरेशनं रोज होतात तिथे धूर ओढणारं फिल्टरचं यंत्र द्यावं. ते येईपर्यंत सहायकाने सक्शनची नळी टोकाजवळ धरावी एवढं तरी परिपत्रक निघावं. जैववैद्यकीय अभियंत्याने वर्षातून एकदा यंत्राची शक्ती मोजावी, डायलवरचे 40 खरोखर 40 आहेत का ते पाहावं. स्पिरिट असलेलं औषध कातडीवर पूर्ण वाळल्याशिवाय, पाठीखाली ओघळलेलं पुसल्याशिवाय पेडलवर पाय ठेवायचा नाही, हे प्रत्येक ओटीच्या भिंतीवर मराठीत लागावं. त्या ओघळाने पेट घेतल्याचं मी पाहिलं आहे. आणि भाजल्याची नोंद भाजलं अशीच करायची मुभा असावी. सिस्टरवर कारवाईची भीती आहे तोवर केसपेपरवर ॲलर्जीच लिहिली जाईल, आणि किती माणसं भाजली हे आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही.

आपण रुग्णालयांच्या उद्घाटनांना जाता. पुढच्या वेळी फीत कापून झाली की ओटीत या. मशीन चकाकत असेलच. तिथल्या सिस्टरला बाजूला घेऊन एवढंच विचारा, की खालच्या ड्रॉवरमध्ये आज नव्या प्लेट किती आहेत. ड्रॉवर तिलाच उघडू द्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका