सुई एका दिवसाची, सुई तीन वर्षांची

आमच्या केज तालुक्यात ‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक सुई हंगामात एकदा टोचली की दोन दिवसांत शिंका थांबतात. दुसरी तीन वर्षे टोचून घ्यावी लागते आणि पहिले काही महिने तर फरकही जाणवत नाही. नाव एकच असल्याने लोक पहिली घेऊन येतात आणि दुसरी घेतली असे समजतात. रमजानमध्ये हा घोळ जास्त होतो. रोजेदाराला दिवसा गोळी घेता येत नाही, थेंब टाकता येत नाहीत, मग ‘एकदाची सुईच घेऊन टाकू’ असा विचार मनात येतो.

सध्या काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. नांदूरघाटच्या शिवारात हे दिवस हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या काढणीचे. मळणीयंत्राचा भुसा हवेत असतो, कडबा वाहिला जातो आणि थोड्याच दिवसांत कडुलिंब मोहरतो. तरावीहच्या नमाजमध्ये एका सफमध्ये चार-पाच जण तरी नाक ओढत असतात. घरातली वडीलधारी मंडळी याला ‘नजला’ म्हणतात आणि जोशांद्याचा काढा पाजतात. काढ्याने घशाला बरे वाटते, पण मूळ कारण हवेतच राहते.

पहिल्या सुईबद्दल स्पष्टच लिहितो. ती बहुतेक वेळा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडची असते. कमरेत टोचली की औषध काही आठवडे शरीरात झिरपत राहते. आराम पडतो, यात शंका नाही. पण तेवढे दिवस रक्तातली साखर वाढते, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवण्याचे काम मंदावते आणि दरवर्षी घेत राहिल्यास हाडे ठिसूळ होतात. नाकाच्या ॲलर्जीसाठी ही सुई नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. साखरेचा रुग्ण रोजे ठेवतो, इफ्तारला खजूर आणि शरबत घेतो आणि वर ही सुई, हे गणित मला तरी भीतीदायक वाटते. गंमत अशी की हीच माणसे नाकात मारायच्या फवाऱ्याला घाबरतात, कारण ‘त्यात स्टेरॉइड असतं म्हणे’. फवाऱ्यातली मात्रा अगदी थोडी असते आणि ती मुख्यतः नाकापुरतीच काम करते. कमरेतली सुई सगळ्या शरीरात फिरते. भीती आहे, पण ती चुकीच्या जागी आहे.

दुसरी सुई म्हणजे खरी ॲलर्जीची सुई. तिचा इतिहास 1911 सालापासूनचा आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून या डॉक्टरांनी गवताच्या परागकणांचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन रुग्णांना टोचला आणि ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा लेख छापला. पराग विषारी असतात आणि आपण त्यावर लस देतो आहोत, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, उपाय मात्र टिकला. नून 1913 मध्ये क्षयाने वारले आणि काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले. ज्या गोष्टीने शरीर बिथरते तीच त्याला हळूहळू सवयीची करायची, इतके साधे हे तत्त्व. आधी आठवड्याला एक अशी काही महिने वाढती मात्रा, मग महिन्याला एक, असे एकूण तीन ते पाच वर्षे.

ही वर्षांची अट डॉक्टरांनी धंद्यासाठी लावली असेल, असा संशय आमच्याकडे लगेच येतो. म्हणून दोन अभ्यास सांगतो. 1999 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेल्या अभ्यासात ज्यांनी तीन-चार वर्षे सुया घेतल्या, त्यांना त्या बंद केल्यावरही पुढची तीन वर्षे फायदा राहिला. 2017 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उपचार दोनच वर्षे दिले होते. ते थांबवल्यावर एका वर्षाने पाहिले, तर औषध न घेतलेल्यांत आणि यांच्यात काही फरक उरला नव्हता. दोन्ही अभ्यास गवताच्या परागांचेच. म्हणजे अर्धवट सोडलेला उपचार हा वाया गेलेला पैसा आहे.

आता नांदूरघाटचा हिशोब करा. सुरुवातीचे चार-सहा महिने दर आठवड्याला, नंतर महिन्याला एक, म्हणजे तीन वर्षांत पन्नासच्या वर फेऱ्या होतात. गावात हा उपचार नाही. शहर गाठायचे, सुई घ्यायची, नंतर अर्धा तास तिथेच बसायचे आणि परत यायचे. मजुराची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. बीड जिल्ह्यातली जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांचे सहा महिने कोपीवरच जातात. त्यांना ‘तीन वर्षे सलग या’ असे सांगणे म्हणजे चेष्टाच आहे. त्यांच्यासाठी चांगला फवारा आणि झोप न आणणारी गोळी सरकारी दवाखान्यात कायम मिळावी, ही मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते.

तो अर्धा तास मात्र कुणीही सोडू नये. ज्याची ॲलर्जी तेच शरीरात टोचले जात असल्याने क्वचित एखाद्याला जोराची प्रतिक्रिया येते. अंगावर पित्त उठते, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. ब्रिटनमध्ये 1957 पासून अशा 26 मृत्यूंची नोंद झाल्यावर 1986 मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने नियम कडक केले. त्या मृतांपैकी ज्यांच्या आजाराची नोंद होती, ते बहुतेक दम्याचे रुग्ण होते. म्हणून दमा आटोक्यात नसेल तर ही सुई देत नाहीत, आणि ताप असेल किंवा छाती भरलेली असेल त्या दिवशीही टाळतात. जिथे ॲड्रेनॅलिनची कुपी आणि ती वापरणारा डॉक्टर हजर नाही, त्या खोलीत ही सुई घेऊ नये. कंपाउंडरकडून, औषधाच्या दुकानामागे किंवा कुपी घरी आणून तर अजिबात नको.

आणखी एक गोष्ट खटकते. हल्ली रक्ताच्या एका नमुन्यावर शेकडो गोष्टींची यादी हातात येते. वांगे, भुईमूग, गहू, झुरळ, धूळ, सगळ्यापुढे फुल्या. माणूस घाबरून भाकरीशिवाय सगळे सोडतो. चाचणीत खूण उठली म्हणजे आजार त्यानेच होतो असे नाही. त्रास कोणत्या महिन्यात आणि कुठे गेल्यावर होतो, याच्याशी ती खूण जुळली तरच तिला अर्थ आहे. यादीतल्या पंधरा-वीस गोष्टी एकाच कुपीत मिसळून सुरू केलेल्या उपचाराबद्दल मी तरी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेईन.

आणि सगळेच सुईने सुटत नाही. स्पेनमधल्या बार्सिलोनात 1980च्या दशकात ठरावीक दिवशी अचानक अनेक लोक दम्याने बेजार होऊन दवाखान्यात येत. शोध घेतला तेव्हा कळले की बंदरात सोयाबीनची जहाजे रिकामी होत त्याच दिवशी हे घडते, आणि एका कोठाराच्या तोंडावर धूळ अडवणारी गाळणीच नाही. गाळणी बसवली, साथ थांबली. आमच्या जिल्ह्यात आता खरिपाचे मोठे पीक सोयाबीन आहे आणि मळणी गावाच्या कडेलाच चालते. तोंडाला ओले फडके, वाऱ्याची दिशा बघून यंत्र लावणे, शाळेच्या वेळेत शाळेजवळ मळणी न करणे, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. गाजर गवताचेही तसेच. 1950च्या दशकात पुण्याजवळ आढळलेले हे गवत आज आमच्या स्मशानापासून कब्रस्तानापर्यंत सगळीकडे आहे. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून ते उपटावे. कब्रस्तानातले उपटण्याचे काम पावसाळ्यात जमातीने करायला हरकत नाही.

आता रोजाचा प्रश्न, कारण तो विचारला जातोच. कातडीत, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या, अन्नाची जागा न घेणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे जेद्दाहच्या फिकह अकादमीने 1997च्या अधिवेशनात ठरवले आहे. देवबंदच्या उलेमांचेही इंजेक्शनबद्दल हेच म्हणणे आहे. नाकातले थेंब आणि दम्याचा पंप यांवर मतभेद आहेत. आपल्याकडचे हनफी मुफ्ती त्याने रोजा तुटतो असे सांगतात, अरब देशांतले काही उलेमा पंपाला मोकळीक देतात. आपल्या मुफ्तींना विचारावे. पण छाती भरली असताना पंप हातात धरून मगरिबच्या अजानची वाट बघणे हा दीनदारीचा भाग नाही. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दिलेलीच आहे. बाकी फवारा दिवसातून एकदाच लागतो, तो इफ्तारनंतर घेता येतो. गोळीही रात्री एक पुरते. जिभेखाली ठेवायचे ॲलर्जीचे थेंबही मिळतात, पण ते गिळले जातात, त्यामुळे त्यांची वेळ इफ्तार ते सहरी. नाक लगेच मोकळे करणारे दुकानातले थेंब मात्र आठवडाभरही चालवू नयेत, त्यांनी नाक उलट जास्त बंद होते.

आमच्या घरात हा विषय पुतणीमुळे निघाला. बारावीची परीक्षा, रोजे आणि दिवसाला चाळीस शिंका. भाईजानचे म्हणणे, ‘शहरात नेऊन सुया सुरू करून टाकू, खर्चाचं बघू.’ मी म्हणालो, आत्ता नको. तिला दमा नाही. तिने आजवर फक्त गोळ्या घेतल्या आहेत, तेही आठवण आली तेव्हा. फवारा सलग दोन महिने कधी वापरलेलाच नाही. कातडीवरच्या चाचणीसाठी आधी काही दिवस गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, आणि पेपरच्या दिवसांत ते शक्य नाही. जूनमध्ये ती वसतिगृहात जाईल. तिथे आठवड्याची फेरी म्हणजे बसचे एक तिकीट, इथल्यासारखा अख्खा दिवस नव्हे. फवाऱ्यावर ऑक्टोबरचा हंगाम निभावला तर ठीक. नाही निभावला, तर चाचणी करून, कारण नक्की करून, तीन वर्षांची तयारी ठेवून सुरू करू. भाईजानला हे फारसे पटलेले नाही. पुतणीने मात्र परवा इफ्तारनंतर फवाऱ्याचा कागद पूर्ण वाचून काढला आणि नळीचे तोंड नाकाच्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला धरायचे असते, हे आम्हा दोघांनाही करून दाखवले.