किल्ली जपली, बोली टाकली!

दिवाळी आली, की आमच्या अमळनेरातील बंद घरांची कुलुपे निघतात. आखाजीला निघतात, कानबाईच्या रोटांना निघतात आणि दिवाळीला तर निघतातच. मालक पुण्यामुंबईस, घर मात्र येथे, वडिलांनी ठेवलेले किंवा निवृत्तीच्या बेताने नव्याने बांधलेले. या मंडळींच्या येण्याने मला आनंदच होतो. गल्लीत दिवे लागतात, वाण्याचा धंदा होतो. पण त्यांच्याशी माझे एक भांडण आहे, आणि सणासुदीला भांडू नये हा संकेत मोडून ते मी येथे मांडणार आहे. भांडण एवढेच, की यांनी घराची किल्ली जपली आणि गावाची बोली टाकली!

यांच्यापैकी कित्येकांची मुले पुण्यात फ्रेंच शिकतात. शिकोत बापडी! फ्रेंच ही थोर भाषा आहे. पॅरिसच्या पाववाल्याच्या दुकानात शिरताच आधी 'बाँझूर' म्हणावे आणि मग पाव मागावा, ही रीत त्या मुलांना पाठ असते. फ्रान्सच्या खेड्यात सुट्टीपुरते घर घेणारे कित्येक इंग्रज तेथील गवंड्याशी चार वाक्ये नीट बोलता यावीत म्हणून उतारवयात वह्या घेऊन बसतात. परमुलखात घर केले तर तेथली जीभही थोडी आपलीशी करावी, हे त्यांना उमजते. आमच्या मालकांना ते स्वतःच्या मुलखात उमजू नये काय? बोरीकाठच्या बाजारात 'वांगा कितलाले?' एवढे दोन शब्द उच्चारायला यांची जीभ अडखळते.

कोणी म्हणेल, अहिराणी म्हणजे मराठीच, फक्त बिघडलेली. हा समज आता सोडलेला बरा. ग्रिअर्सनने हिंदुस्थानातील भाषांची पाहणी केली तेव्हा मराठी सातव्या खंडात घातली, आणि खानदेशी १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या शेजारी. ती मराठीच्या घरची की गुजरातीच्या, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. मला एवढेच दिसते, की तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'आहे'च्या जागी 'शे', 'चा-ची'च्या जागी 'ना-नी'. मला-तुला म्हणजे माले-तुले, घरात म्हणजे घरमा. मुलगा तो आंडोर, मुलगी ती आंडेर. मराठीचा 'ळ' येथे 'य' होतो: डोळ्याचा डोया, शाळेची शाया. जे प्रत्येकाच्या तोंडी, प्रत्येक वेळी, एकाच रीतीने होते त्याला चूक म्हणत नाहीत, नियम म्हणतात.

आणि कौतुकाला तर महाराष्ट्रात तोटा नाही! १९५२ साली अमळनेरास साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी. त्याच वर्षी बहिणाबाई चौधरींची गाणी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने निघाली आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतली. बहिणाबाईंची लेवा बोली म्हणजे आमच्या अहिराणीची शेजारीण. २०२४ च्या फेब्रुवारीत संमेलन पुन्हा अमळनेरास आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आम्हीही आनंदलो, मराठी आमचीही आहे. पण आकडे काय सांगतात? २००१ च्या जनगणनेत आपली मातृभाषा खानदेशी सांगणारे वीस लाखांच्या वर होते, २०११ मध्ये ते एकोणीस लाखांच्याही आत आले. माणसे वाढली आणि बोलणारे घटले! बोलीचे कौतुक व्यासपीठावर आणि तिची लाज उंबऱ्यावर, असे चालले तर दुसरे काय होणार?

यावर मालकांचा ठरलेला बचाव असा: "आम्ही तरी काय करावे? लोकच आमच्याशी शुद्ध बोलतात." अहो, हीच तर माझी तक्रार आहे! आमच्या गल्लीत भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी येते. आमच्या घरच्या बायकांशी बोलताना तिची जीभ काय सपासप चालते! सुनेची टवाळी, पावसाला शिव्या, भावाची घासाघीस आणि मधूनच एखादी म्हण. पाहुण्याचे दार आले, की तीच बाई फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरीसारखी होते. "वीस रुपये पाव. घ्यायचे का?" संपले! तिचा विनोद गेला, तिची म्हण गेली, साठ वर्षांच्या अनुभवाचा अधिकार गेला. आणि पाहुण्याला वाटते, म्हातारी मितभाषी आहे! ती शुद्ध बोलते ते तुमच्या मानासाठी. तो मान घेताना तिचे काय गेले, हे कधी तरी पाहाल की नाही?

दोष एकट्या पाहुण्यांचा नाही. आंडोर शाळेत जाऊ लागला, की आम्ही गावकरीही त्याच्याशी घरात अहिराणी बंद करतो. शाळेसाठी प्रमाण मराठी हवी, हे मला मान्य आहे. पण एका मुखात दोन बोली मावत नाहीत, हे कोणी सांगितले? फ्रेंच मावते, आणि आजीची बोली तेवढी मावत नाही?

साने गुरुजी कोकणातले, पालगडचे. १९२४ ते १९३० ते येथे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे सत्याग्रहात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पडले, तर तेथे तमिळ शिकले आणि कुरळ हा ग्रंथ मराठीत आणला. तुरुंगात असलेल्या माणसाला शेजारच्या कैद्याची भाषा शिकावीशी वाटली; आणि मोकळ्या गल्लीत आठ-आठ दिवस राहणाऱ्यांना शेजारणीची बोली ऐकण्याइतकी सवड नसावी?

वर्ग नको, फी नको. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी केलेला अहिराणीचा शब्दकोश आहे. तो पुढे सावकाश पाहा. आधी एक वाक्य पाठ करा: 'माले अहिराणीमा सांगा.' भाजीवालीला म्हणा, रिक्षावाल्याला म्हणा, गवंड्याला म्हणा. ते प्रथम चकित होतील, मग मराठीतच उत्तर देतील. तुम्ही पुन्हा तेच म्हणा. तुमचे 'शे' चुकेल आणि लोक हसतील. हसू द्या! त्या हसण्यात कुचेष्टा नसते. आपले माणूस घरी आल्याचे हसू असते ते. मुलांनाही पुढे करा, त्यांच्या जिभा लवचिक असतात. यंदा फराळाचे ताट शेजारी द्यायला जाल, तेव्हा ते नुसते ठेवून परतू नका. बसा, आणि म्हातारीला तिच्या बोलीत बोलू द्या.