पोटातून अंडकोशापर्यंत
वृषणे अंडकोशातच तयार होतात, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ती सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडांजवळ आकार घेतात. पंधराव्या आठवड्याच्या सुमारास ती जांघेच्या आतील बाजूस पोहोचतात आणि तेथे बरेच आठवडे थांबतात. सातव्या महिन्यापासून पुरुष-संप्रेरकांच्या प्रभावाने, एका मऊ बंधाच्या मार्गाने ती जांघेतून अंडकोशात उतरतात. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा प्रवास अर्धवट राहिलेला दिसावा, यात नवल नाही. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांतही सुमारे तिघांचे एखादे वृषण उतरलेले नसते.

त्यांपैकी बरीच पहिल्या काही महिन्यांत उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र क्वचितच. ‘मोठा झाला की उतरेल’ हा वडीलधाऱ्यांचा धीर येथेच महागात पडतो. वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. ते वरच राहिल्यास शुक्रजंतू निर्माण करणाऱ्या पेशी घटू लागतात. पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हावी.

बाळाला कोमट पाण्याने न्हाऊ घातल्यावर आईने हलक्या हाताने चाचपून पाहावे. थंडीने वृषण वर ओढले जाते, उबेत ते पुन्हा खाली येते. त्याची चिंता नको. सोनोग्राफीची घाई करू नये, बालशल्यचिकित्सकाचे बोट अधिक सांगते. जन्मतः दोन्ही बाजूंना काहीच हाताला लागत नसेल, तर सहा महिनेही थांबू नये. बाळ लगेचच डॉक्टरांना दाखवावे.