दुबळ्या हातालाही काम द्या

घरातील वडीलधाऱ्या मनुष्याच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे आपल्याकडे सारे घर त्याच्या सेवेस लागते. सुना घास भरवितात, मुले पाय चेपतात, नातवंडे पाण्याचा पेला तोंडाशी धरतात. रोग्याने हात हलविण्यापूर्वीच वस्तू त्याच्यापुढे हजर होते. ही माया खोटी आहे असे कोण म्हणेल? परंतु या मायेच्या भरात आपण रोग्याचे उरलेसुरले सामर्थ्यही हिरावून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते शाळेच्या वार्षिकात मांडण्याचे कारण इतकेच की, असा प्रसंग आला असता रोग्याजवळ बराच वेळ बसणारी व्यक्ती पुष्कळदा शाळेतून आलेले मूलच असते.

पक्षाघात हा हातापायांचा रोग नव्हे, मेंदूचा होय. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. डाव्या भागास इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, उजव्या भागास झाली तर डावे. अशा वेळी क्षणही न दवडता रोग्यास मोठ्या इस्पितळात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि कबुतराचे रक्त चोळण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. पण तो विषय निराळा. मला बोलावयाचे आहे ते रोगी वाचून घरी आल्यानंतरच्या दिवसांविषयी.

बिघाड मेंदूत असता हात हलवून काय उपयोग, असे कोणी विचारील. याचे उत्तर आम्हां शिक्षकांच्या धंद्यातलेच आहे. बालवर्गातील मूल अक्षर गिरविते तेव्हा त्याच्या बोटांत नवे स्नायू फुटत नाहीत; तेच वळण शेकडो वेळा काढल्याने मेंदूत वाट पडते. पक्षाघाताने ही वाट मोडते. परंतु मेंदूच्या शाबूत भागांतून पुष्कळदा थोडीबहुत नवी वाट पाडता येते, आणि त्यासाठी पुन्हा गिरवावेच लागते. मात्र ज्याचे त्यानेच गिरविले पाहिजे. मास्तरांनी मुलाचा हात धरून जन्मभर पाटीवर अक्षरे काढली, तर मास्तरांचे अक्षर सुधारेल एवढेच!

याच्या उलट, जो अवयव वापरला जात नाही त्याचा मेंदूस विसर पडतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांना माकडांवरील प्रयोगांत असे आढळले की, एका हाताची संवेदना नष्ट केल्यावर माकड तो हात वापरणे सोडून देते. परंतु चांगला हात बांधून ठेवला की तोच टाकून दिलेला हात कामास लागतो. (त्या माकडांच्या हालांवरून इ. स. १९८१ मध्ये मोठा वाद व खटला उभा राहिला, तो येथे सांगत बसत नाही.) यावरून माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हातास जागेपणी बहुतेक सर्व वेळ जाड हातमोजा घालून बसवावयाचे, व दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यावयाचे. अमेरिकेत २२२ रोग्यांवर झालेली याची चाचणी इ. स. २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन आठवडे हा उपचार घेतलेल्यांचा हात इतरांहून अधिक चालू लागला, आणि वर्षानंतरही तो फरक टिकून होता. अर्थात मनगट व बोटे थोडीतरी उचलता येणारेच रोगी तीत घेतले होते.

न्यूयॉर्क येथील प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रीता यांची हकीकत तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. इ. स. १९५९ च्या सुमारास, वयाच्या पासष्टीच्या आसपास, त्यांना पक्षाघाताने गाठले, वाचाही गेली. वैद्यकीचा विद्यार्थी असलेला त्यांचा मुलगा जॉर्ज याने वडिलांना मेक्सिकोतील आपल्या घरी नेले आणि तान्ह्या मुलाप्रमाणे प्रथम रांगावयास लाविले. दुबळा खांदा भिंतीस टेकून हे विद्वान गृहस्थ कित्येक महिने रांगले. शेजाऱ्यांना ते पाहवेना. प्राध्यापकाला जनावरासारखे रांगावयास लावणे शोभत नाही, असे ते म्हणत. लोक काय म्हणतील ही धास्ती केवळ आपल्याच देशात आहे असे नाही! पुढे मुलाने त्यांना जमिनीवर गोट्या खेळविल्या, दुबळ्या हाताने नाणी वेचविली, भांडी घासविली. अखेर ते पुन्हा महाविद्यालयात शिकवू लागले. इ. स. १९६५ मध्ये डोंगर चढत असता त्यांचे निधन झाले; शवपरीक्षेत मेंदूची मोठी इजा तशीच आढळली.

तथापि एका मनुष्याच्या उदाहरणावरून नियम बांधू नये. मग घरच्या माणसांना थोडे शिकविले म्हणजे भागेल काय? आपल्या देशातील चौदा इस्पितळांत १२५० रोग्यांवर ही चाचणी झाली. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे तीत प्रमुख अंग होते. इ. स. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो निराशाजनक होता. सहा महिन्यांनंतर मरण पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रोग्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७ च होते. यावरून घरच्यांचे श्रम व्यर्थ आहेत असे मी समजत नाही. परंतु मोजक्या दिवसांच्या शिकवणीवर फिजिओथेरपिस्टचे काम घरच्यांच्या गळ्यात घालता येत नाही, एवढे खास. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक सरकारी इस्पितळात या विद्येचे शिकलेले मनुष्य असावे, ही मागणी पालकांनी लावून धरली पाहिजे. केवळ उत्साहही कामाचा नाही. पहिल्या चोवीस तासांतच रोग्यास वारंवार उठविण्याचा प्रयोग पाच देशांत २१०४ रोग्यांवर झाला; इ. स. २०१५ मध्ये कळले की, त्याने हित होण्याऐवजी परिणाम थोडा वाईटच झाला. केव्हा उठवावे व किती, हे जाणत्यास विचारावे.

तो सांगेल त्या मर्यादेत घरी करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. आजोबांना सदऱ्याची बटणे स्वतः लावू द्यावी, मग पाव तास का लागेना. आजीपुढे वाटाण्याच्या शेंगा ठेवाव्या. दुबळ्या हाताला धरून कोणासही ओढून उठवू नये. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निखळतो. गिळता येते की नाही याची परीक्षा झाल्यावाचून पाणी पाजू नये. शब्द आठवत नसेल तर तो आपण घाईने पुरविण्यापेक्षा थांबावे. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे, आणि मोठ्या माणसाशी बोबडे बोलून त्याचा अपमान करू नये. रोगी चिडतो, रडतो, हात टाकून बसतो. तो हट्ट नसून पुष्कळदा रोगाचाच भाग असतो. डॉक्टरांस सांगितले असता त्यावरही इलाज होतो.

अखेर पालकांस एक विनंती. घरात असे आजारपण आले की पहिली गैरहजेरी लागते ती बहुधा मुलीची; आठ दिवसांचे पंधरा होतात, आणि परीक्षा जवळ आल्यावर तिचे नाव पटावरून कमी करण्याविषयी चिठ्ठी येते. शुश्रूषेची पाळी घरातील मुलगे व पुरुष यांनीही घ्यावी, आणि अडचण असल्यास चिठ्ठी पाठविण्यापूर्वी वर्गशिक्षकांस येऊन भेटावे.